संगणकावरील संगीताचा घरगुती संसार

मागच्या चैत्रात एका खेडेगावच्या शिक्षकांनी मला गाठले आणि म्हणाले, "सर, वीस हजार रुपये बाजूला टाकलेले आहेत. एक जुना लॅपटॉप आहे, पेटी आहे. शाळेची गाणी, गावातली भजनं, आणि जमलंच तर स्वतः चाली लावून त्यात निरनिराळ्या वाद्यांचे आवाज भरायचे, असं सगळं घरीच करावं म्हणतो. तर काय काय घेऊ?" त्यांच्या हातात शहरातल्या दुकानातून आणलेली यादी होती. यादीत अकरा वस्तू होत्या. त्यांपैकी निदान सहा वस्तूंचे त्यांच्या घरी काही काम नव्हते; आणि जिच्यावाचून त्यांचे अडणार होते ती वस्तू यादीत नव्हतीच.

हा प्रश्न आता त्या एकट्या गुरुजींचा राहिलेला नाही. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हटले की मुंबई-पुण्याचा स्टुडिओ डोळ्यांपुढे येई. आता तेच काम घरच्या संगणकावर होऊ शकते, हे गावोगावच्या मंडळींना कळले आहे. अडचण आहे ती निवडीची. म्हणून ही निवड कशी करावी, पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, याचा थोडा विचार आज आपण करू.

उपदेश करण्याआधी स्वतःची फजिती सांगितलेली बरी. माझी एक आत्या होती. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या याची मोजदाद कुणी केली नाही. पहाटे बसली की उजाडेपर्यंत एक ओवी पुन्हा येत नसे, एवढे मला आठवते. त्या टिपून ठेवाव्यात म्हणून मी मोठ्या हौसेने एक महागडा माइक विकत घेतला आणि दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो. माइक लॅपटॉपला जोडला. आवाज येईना. तो माइक कंडेन्सर जातीचा होता. त्याला ४८ व्होल्टचा विद्युत्पुरवठा लागतो आणि तो लॅपटॉपच्या भोकातून मिळत नाही, हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. "पुढच्या खेपेला नीट सामान घेऊन येतो," असे म्हणून मी परतलो. पुढची खेप आली तेव्हा अर्धांगवायूने आत्याची वाचा गेलेली होती. आज आमच्या घरात तिच्या आवाजाची चार मिनिटे आहेत. ती माझ्या पुतणीने स्वयंपाकघरात फोनवर सहज घेतली होती; मध्ये कुकरची शिट्टीही आहे. माझा महागडा माइक पेटीतच राहिला.

तेव्हा पहिला प्रश्न "काय घेऊ?" हा नव्हे. पहिला प्रश्न आहे, "मला काय करायचे आहे?" आणि याचे उत्तर ढोबळमानाने तीन प्रकारचे असते. एक, जो आवाज आधीच अस्तित्वात आहे तो टिपायचा: गळा, तबला, पेटी, ओवी, कीर्तन. दुसरे, जो आवाज घरात नाही तो संगणकाकडून निर्माण करून घ्यायचा: बासरी, व्हायोलिनचा ताफा, ढोल, किंवा कोणत्याच वाद्यासारखा नसलेला निव्वळ इलेक्ट्रॉनिक स्वर. तिसरे, या दोहोंचा मेळ घालायचा. गुरुजींना तिसरे हवे होते. पण सुरुवात पहिल्यापासूनच करावी लागणार होती.

या दोन कामांतला भेद नीट समजला की निम्मा गोंधळ मिटतो. माइकमधून संगणकात जातो तो प्रत्यक्ष आवाज. त्याची सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा मोजणी होते आणि ते आकडे साठवले जातात. दुसऱ्या प्रकारात मात्र आवाज साठवला जातच नाही. तुम्ही सुरांच्या पट्टीवर बोट ठेवले की कोणती पट्टी, किती जोराने, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली, एवढाच निरोप संगणकाकडे जातो. या निरोपाच्या भाषेला 'मिडी' म्हणतात. जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ती १९८३ साली प्रचारात आली, आणि आजही निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे तिच्यातूनच एकमेकांशी बोलतात. भातखंडे यांच्या पुस्तकातील स्वरलिपी आणि गवयाच्या गळ्यातून आलेले गाणे यांत जो फरक, तोच मिडी आणि ध्वनिमुद्रण यांत. स्वरलिपीतला एक स्वर खोडून दुसरा लिहिता येतो. तीच चाल आज बासरीवर, उद्या सतारीवर वाजवून घेता येते. गायलेल्या सुराचे तसे नसते.

आता सॉफ्टवेअर. ते यंत्रांच्या आधी निवडावे, कारण सामान घेण्यापूर्वीच ते संगणकावर घालून पाहता येते आणि त्याला पैसेही पडत नाहीत. नुसते टिपायचे आणि काटछाट करायची असेल तर 'ऑडॅसिटी' पुरेसे आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ साली त्याचे काम सुरू झाले. ते फुकट आहे आणि साध्या संगणकावरही चालते. भाषण, ओवी, कीर्तन, शाळेचा परिपाठ यांना यापुढे जायचे कारण नाही. मिडीवरून वाद्यांचे आवाज रचायचे असतील तर 'एलएमएमएस' हेही मोफत मिळते. पण माइकमधून गाणे टिपणे हे त्याचे काम नव्हे, हे लक्षात असू द्या. ॲपलचा संगणक किंवा फोन असेल तर त्यावर 'गॅरेजबँड' विनामूल्य मिळते आणि त्यात दोन्ही कामे होतात. दोन्ही कामे साध्या विंडोज संगणकावर करायची असतील तर मी 'रीपर' सुचवतो. ते ६० दिवस वापरून पाहता येते. पुढे वैयक्तिक वापरासाठी ६० डॉलरचा परवाना आहे. ते आकाराने लहान आहे आणि जुन्या संगणकाला फार शिणवत नाही. मात्र त्यात तयार वाद्ये फारशी मिळत नाहीत, ती वेगळी आणून बसवावी लागतात.

'एफएल स्टुडिओ', 'एबल्टन लाइव्ह', 'क्यूबेस' ही नावेही तुमच्या कानांवर येतील. सगळी चांगली आहेत. ताल आणि तुकडे जुळवून गाणे रचणाऱ्याला पहिली दोन आवडतात. त्यांच्या स्वस्त आणि महाग अशा वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. तेव्हा स्वस्त आवृत्तीत काय नाही, हे आधी वाचावे. "अमक्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज जास्त गोड येतो," असे कुणी सांगितले तर मनावर घेऊ नका. आवाजांची बेरीज सगळीच सारखी करतात. फरक असतो तो हाताळणीत. एक निवडा आणि निदान सहा महिने त्याच्यापाशी राहा. चोरून उतरवलेली महाग सॉफ्टवेअरे मात्र घरात आणू नका. त्यांच्याबरोबर विषाणू येतात आणि वर्षभराचे काम एका दिवसात जाते; शिवाय शिक्षकाच्या घरात मुले हेच पाहून शिकतात, ते निराळेच.

संगणक नवा हवा का? बहुधा नको. आठ जीबी स्मृती असलेला संगणक सुरुवातीला चालतो. अनेक वाद्यांचे साठे एकदम उघडायचे असतील तर सोळा जीबी बऱ्या. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती चकती असेल तर ती काढून तिच्या जागी एसएसडी बसवा. एवढ्या एका बदलाने जुने यंत्र पुष्कळ हलके चालू लागते.

आता गुरुजींच्या यादीत जी वस्तू नव्हती तिच्याकडे येऊ. ती म्हणजे ऑडिओ इंटरफेस. यादीत दोन कंडेन्सर माइक होते. ते जोडायचे कशाला, याचा पत्ताच नव्हता. म्हणजे माझीच गोष्ट पुन्हा घडणार होती! इंटरफेस ही लहानशी डबी असते. एका बाजूने तीन टोकांची माइकची वायर तिच्यात जाते, दुसऱ्या बाजूने ती यूएसबीने संगणकाला जोडली जाते. माइकचा क्षीण आवाज ती मोठा करते, त्याचे आकडे करते, आणि कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही पुरवते. घेताना दोन माइकची सोय असलेली घ्यावी. एका माइकवर गळा आणि दुसऱ्यावर तबला असेल तर मागाहून दोघांचे प्रमाण कमीजास्त करता येते. एकाच माइकवर दोन्ही घेतले तर ते कायमचे बांधले गेले. एकट्याने बोलायचे किंवा गायचे असेल, तर सरळ यूएसबीने जोडला जाणारा माइकही चालतो.

माइक कोणता? शांत खोली असेल तर कंडेन्सर. तो बारीकसारीक सगळे ऐकतो. परंतु सगळे म्हणजे सगळे: अंगणातला कोंबडा, शेजारचा पंप, रस्त्यावरची मोटारसायकल. गोंगाट असेल तर डायनॅमिक जातीचा माइक तोंडापासून चार बोटांवर धरून वापरावा. त्याला ४८ व्होल्ट लागत नाहीत आणि तो हातातून पडला तरी सहसा बिघडत नाही. शाळेसाठी हाच बरा.

आणखी एक अडचण सांगतो, कारण पुष्कळ मंडळी इथे निराश होतात. तुम्ही गाता आणि कानांतल्या हेडफोनवर तुमचा आवाज किंचित मागाहून येतो. कारण असे की संगणक आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, ओंजळीने घेतो. ओंजळ भरली की पुढचे काम. सॉफ्टवेअरमध्ये या ओंजळीचे माप ठरवता येते. त्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० मोजण्या असताना १,०२४ मोजण्यांची ओंजळ घेतली, तर जाता-येता मिळून सुमारे ४६ सहस्रांश सेकंद जातात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळजवळ पन्नास फूट जातो. म्हणजे तुमचा तबलजी पन्नास फुटांवर बसला आहे असे समजा! २५६ ची ओंजळ घेतली तर तो तेरा फुटांवर येतो, आणि मग गाता येते. म्हणून गाणे टिपताना ओंजळ लहान ठेवावी आणि नंतर जुळवाजुळव करताना मोठी. विंडोज संगणकावर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर घालावा. त्याशिवाय हे साधत नाही.

ऐकण्यासाठी कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत. उघडे घेतले तर त्यातला ताल माइकमध्ये शिरतो. मोठे स्पीकर पुढे कधीतरी. तयार झालेले गाणे मात्र फोनवर, रेडिओच्या डब्यावर, मोटारीत, असे चार ठिकाणी ऐकून मगच पक्के करावे.

आता खोली. इथे खेड्यातल्या माणसाची बाजू वरचढ आहे. शहरातले लोक भिंतींना लावायला फोमच्या लाद्या विकत आणतात. तुमच्याकडे गोधड्या आहेत. मोकळ्या भिंतींवरून आवाज उसळून परत येतो आणि गाणे विहिरीत गायल्यासारखे वाटते. गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टांगा. धान्याची पोती रचलेली खोली तर याहून उत्तम. तिथे आवाज घुमत नाही. पत्र्याचे छप्पर असेल तर पावसात काम काढू नका. पंखा बंद करा. वीज जाण्याची भीती असेल तर लॅपटॉप बॅटरीवरच चालवा. त्याने बारीक गुंगं आवाजही बहुधा जातो, कारण तो आवाज पुष्कळदा विजेच्या जोडणीतून, अर्थिंग नीट नसल्यामुळे येतो. तो उपकरणाचा दोष समजून नवे उपकरण आणू नका; आधी वायरमनला बोलवा.

राहिली सुरांची पट्टी, म्हणजे मिडी कीबोर्ड. हिच्यात स्वतःचा आवाज नसतो, ती फक्त निरोप धाडते. पंचवीस पट्ट्यांची लहान चालते. पेटीवर बसलेल्या हाताला एकोणपन्नास पट्ट्यांची बरी. मात्र इथे आपल्या संगीताचा एक जुना वाद उभा राहतो. गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक ज्या महाराष्ट्रात झाले, त्याला हा वाद परका नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून हार्मोनियम बाहेर काढली, आणि १९७१ पर्यंत तिला दार उघडले नाही. आक्षेप असा होता की पेटीचे स्वर जागच्या जागी खिळलेले. तिच्यातून मींड निघत नाही आणि रागाच्या श्रुती लागत नाहीत. संगणकाची पट्टीही सप्तकाचे बारा सारखे तुकडे करते. पांढरी एकचा षड्ज धरला, म्हणजे सेकंदाला सुमारे २६१.६ कंपने, तर तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ३२७ च्या आसपास येतो. यंत्राचा गांधार असतो ३२९.६. दोन्ही एकत्र लावून पाहा. सेकंदाला अडीच-तीन वेळा आवाज हेलकावे खाताना ऐकू येईल. पेटीच्या बाबतीत हा दोष सहन करावा लागे. संगणकात मात्र त्याला उपाय आहे. काही संगणकी वाद्यांना हवी ती श्रुतिरचना देता येते. 'सर्ज एक्सटी' हे मोफत वाद्य त्यांपैकी एक. म्हणून वाद्य निवडताना "यात स्वर हलवता येतात का?" हे आवर्जून पाहा. शाळेच्या समूहगीताला एवढे नको. पण तंबोऱ्याबरोबर राग वाजवायचा असेल तर हे पाहिलेच पाहिजे.

तालाचेही तसेच. ही सॉफ्टवेअरे चार-चार मात्रांचे घर धरून चालतात. भजनी ठेका आठ मात्रांचा, तो त्यात सहज बसतो. रूपकाला सात आणि झपतालाला दहा मात्रांचे घर आधीच आखून घ्या. आणि रूपकाची सम खालीवर असते, संगणकाची टिकटिक मात्र पहिल्या मात्रेवर जोर देते. तो जोर काढून टाका, नाहीतर गाणारा गोंधळतो.

"एवढ्या थोड्या सामानात काय होणार?" असे कुणी म्हणेल. त्याला मी मुंबईच्या चरणजित सिंग यांचे उदाहरण देतो. हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेतली: एक स्वरयंत्र, एक खर्जाचे यंत्र आणि एक तालयंत्र. त्यांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. खर्जाच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. मींड ज्याच्या कानात आहे त्याला तिचा उपयोग सुचला यात नवल नाही. त्या वेळी तबकडीकडे फारसे कुणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जाणकारांनी ती उचलून धरली. यंत्रे तीनच होती. राग मात्र बाजारातून आणलेले नव्हते.

आता खरेदीचा क्रम सांगतो. पहिल्या महिन्यात काहीच विकत घेऊ नका. हातातला फोन आणि ऑडॅसिटी यांवर काम करा. फोनवर डब्ल्यूएव्ही प्रकारात टिपण्याची सोय असेल तर तीच वापरा. मग हेडफोन. त्यानंतर दोन माइकचा इंटरफेस आणि एक डायनॅमिक माइक, त्यांच्या वायरी आणि स्टँड यांसह. वायर विसरली की सगळे अडते. मग गरज वाटली तर लहान मिडी कीबोर्ड. कंडेन्सर माइक, स्पीकर आणि महाग सॉफ्टवेअर ही सगळ्यांत शेवटी. आमच्या गुरुजींनी याच क्रमाने घेतले आणि त्यांचे सारे पैसे खर्चही झाले नाहीत. उरलेल्यातून त्यांनी साठवणीसाठी एक बाहेरची डिस्क घेतली.

ती डिस्क चैनीची वस्तू नाही. एका माइकचे तासभराचे उत्तम दर्जाचे ध्वनिमुद्रण सुमारे ५०० मेगाबाइट जागा घेते. प्रत्येकाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावातच गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहा. टिपताना आवाजाचा काटा वरच्या टोकाला भिडू देऊ नका. उणे बारा डेसिबलच्या आसपास राहिलेला बरा. हळू आलेला आवाज मागाहून वाढवता येतो, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यासाठी त्यांना कित्येक वर्षे गावोगाव हिंडावे लागले. तुम्हांला हिंडायचे नाही. तुम्ही गावातच आहात. तेव्हा या आठवड्यात सामानाची यादी करण्याआधी माणसांची यादी करा. ज्यांचा आवाज पुढच्या दिवाळीला असेलच अशी खात्री देता येत नाही, त्यांची नावे वर लिहा. त्यांच्याकडे फोन घेऊन उद्याच जा, आणि जाताना घरातल्या मंडळींना एवढे सांगा, की घटकाभर कुकर लावू नका. बाकीची यंत्रे सावकाश येतील.